सूर्य, भोंगा आणि रविवार

आमच्या लालबागच्या खोलीत एक गजराचे घड्याळ होते. ते कायम दहा मिनिटे पुढे असायचे. बिघडलेले नव्हते, वडिलांनीच ते तसे लावले होते. ते साचाखात्यात होते. पहिली पाळी सकाळी सातला सुरू होई आणि भोंगा झाल्यावर फाटकाशी पोहोचलेल्या माणसाच्या नशिबी परत फिरणे येई. त्या दिवसाचा खाडा पडे आणि त्याच्या साच्यावर फाटकाशी ताटकळणारा एखादा बदली कामगार उभा राही. घरातल्या सगळ्यांना ठाऊक होते की घड्याळ खोटे आहे, तरी सगळे त्याच्याच हिशेबाने धावत.

रविवारी मात्र गजर लागत नसे. वडील सावकाश उठत, दाढी करत, बाजारातून मटण आणत. मी लहानपणी एकदा विचारले होते, “आप्पा, सुट्टी रविवारीच का?” ते म्हणाले, “साहेबाच्या चर्चचा वार तो. सरकारनं दिलाय.” चाळीत कोणालाही विचारले असते, तरी हेच उत्तर मिळाले असते. आजही बहुतेक ठिकाणी हेच मिळते.

नोकरी सांभाळून, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयांत बसून मी गेली पंचवीसेक वर्षे मुंबईच्या गिरण्यांचे कागद वाचतो आहे. इतिहासाचे रीतसर शिक्षण मला नाही. पण या वाचनात हळूहळू ध्यानात आले की वडिलांचे उत्तर अर्धेच खरे होते. रविवार साहेबाचा होता हे खरे, सरकारी कचेऱ्यांना तो कधीपासूनच मिळत होता. पण गिरणीतल्या माणसाला तो कोणी आपणहून दिलेला नाही. तो मागावा लागला. मागण्याआधी तो मागता येतो, ही कल्पना कोणाच्या तरी डोक्यात यावी लागली. त्या कल्पनेचा माग घेण्याचा हा प्रयत्न आहे.

औद्योगिकीकरणाने नव्या राजकीय विचारांना जन्म दिला, हे आपण शाळेपासून वाचतो. वाफेचे इंजिन आले, कारखाने आले, खेड्यांतली माणसे शहरांत आली, दारिद्र्य वाढले आणि मग समाजवाद आला, अशी ती साखळी असते. साखळी चुकीची नाही, पण तिच्यात एक कडी गाळलेली असते. दारिद्र्य तर खेड्यातही होते. मग कारखान्यात असे कोणते नवे दुःख होते, की ज्यातून नवा विचार निघाला? मुंबईपुरते माझे उत्तर असे आहे, की ते नवे दुःख वेळेचे होते.

बैलाचा सोमवार

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावली. पुढच्याच वर्षी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला सूतगिरणीची कंपनी उभी केली आणि १८५६ मध्ये त्या गिरणीतून सूत निघू लागले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच सट्टा कोसळला आणि पेढ्या बुडाल्या. पण १८७० नंतर गिरण्या झपाट्याने वाढल्या आणि शतक संपताना मुंबईत सुमारे ऐंशी गिरण्या होत्या.

या गिरण्यांत आलेली माणसे प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातली आणि त्याखालोखाल सातारा, पुणे, अहमदनगर या घाटावरच्या मुलखातली होती. शेती सोडून ती आली नव्हती, शेती टिकवण्यासाठी आली होती. गावी भाऊ, बायको, म्हातारे आईबाप आणि सावकाराचे कर्ज होते. म्हणून ही माणसे पेरणीला, शिमग्याला, गणपतीला परत जात. मालकांच्या दृष्टीने तो बेशिस्तपणा होता.

शेतातले कष्ट कमी नव्हते. नांगरणीच्या दिवसांत पहाटेपासून अंधार पडेपर्यंत काम असे. पण त्या कष्टाला चढउतार होता. पावसाने उघडीप दिली की हात चालत, झोड लागली की घोंगडी पांघरून बसता येई. घाटावरच्या अनेक गावांत सोमवारी बैल जुंपत नाहीत. तो महादेवाचा वार, म्हणून नंदीला विसावा. वर्षातून एकदा बेंदूर किंवा पोळा येतो, तेव्हा त्याची पूजाही होते. म्हणजे ज्या गावातून हा मजूर आला होता, तिथे बैलाला आठवड्याची सुट्टी होती. गिरणीत त्याला स्वतःला ती नव्हती.

१८८०च्या आसपास गिरणीचा दिवस सूर्यावर चाले. उजाडायच्या थोडे आधी इंजिन सुरू होई आणि दिसेनासे होईपर्यंत ते चाले. मुंबईत डिसेंबरात दिवस अकरा तासांचा असतो आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांहून मोठा. म्हणजे उकाडा जितका अधिक, तितके काम अधिक. मधली विश्रांती नावापुरती असे. इंजिन चालू असतानाच माणसे आळीपाळीने भाकरी खाऊन घेत. ठरावीक सणांना गिरणी बंद राही. एरवी रविवारी ती थांबली, तरी तो दिवस यंत्रे साफ करण्यात जाई आणि ते काम कामगारांनीच करायचे असे.

बहुतेकांकडे घड्याळ नव्हते. उशीर होऊन दंड बसेल या धास्तीने माणसे मध्यरात्रीनंतर येऊन फाटकाबाहेरच झोपत, अशा नोंदी त्या काळच्या चौकशांत आढळतात. शेतातला माणूस आभाळ पाहून वेळ ओळखत होता. इथे वेळ मालकाच्या घड्याळात होती, ते घड्याळ भिंतीच्या आत होते आणि माणूस भिंतीच्या बाहेर झोपलेला होता. भोंगा ही त्या भिंतीबाहेर येणारी एकच खूण होती.

कायदा कोणासाठी?

गिरण्यांतल्या स्थितीबद्दल पहिला आरडाओरडा मुंबईत झाला नाही, लँकेशायरमध्ये झाला. त्यामागे दया किती आणि व्यापार किती, हे सांगणे अवघड नाही. इंग्लंडमध्ये १८४७च्या कायद्याने स्त्रिया आणि किशोरवयीन मुलांच्या कामावर दहा तासांची मर्यादा आली होती. १८५०च्या कायद्याने शनिवारी दुपारी दोननंतर त्यांना कामावर ठेवता येत नव्हते. मँचेस्टरचा गिरणीमालक म्हणू लागला की आमच्यावर बंधने आहेत आणि मुंबईचा मालक मात्र सात वर्षांच्या पोराला दिवसभर राबवतो, ही स्पर्धा न्याय्य नाही.

१८७५ मध्ये मुंबई सरकारने पहिले फॅक्टरी कमिशन नेमले. मुंबईतल्या मुंबईत या प्रश्नाची खरी तळमळ असलेले एक गृहस्थ होते, सोराबजी शापुरजी बंगाली. कायदा व्हावा म्हणून त्यांनी खूप धडपड केली. अखेर १८८१ मध्ये कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचे नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांहून अधिक राबवायचे नाही, त्यांना महिन्यातून चार सुट्ट्या द्यायच्या आणि धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालायचे. शंभर माणसांहून लहान कारखाना या कायद्यातून सुटला होता. प्रौढ पुरुष आणि स्त्रिया यांच्याबद्दल कायद्यात एक अक्षर नव्हते.

इथे आपल्या राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासातला एक अडचणीचा भाग येतो. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांच्यासह त्या काळच्या बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनी फॅक्टरी कायद्याला विरोध केला. आज तो वाचताना राग येतो, पण त्यांची बाजू पोकळ नव्हती. १८८२ मध्ये सरकारने विलायती कापडावरची आयात जकात पार काढून टाकली होती. पुढे तिजोरीच्या गरजेपोटी ती पुन्हा बसवावी लागली, तेव्हा १८९६ मध्ये आयात मालावर साडेतीन टक्के आणि मुंबईच्या गिरणीत विणलेल्या कापडावरही तेवढाच साडेतीन टक्के अबकारी कर लावला. आपल्याच देशात आपल्याच कापडावर परक्याच्या सोयीसाठी कर! ज्या सरकारने हे केले, त्याच सरकारला मजुरांचा एकाएकी कळवळा आला, यावर विश्वास कोणी ठेवावा?

त्यांचा युक्तिवाद असा होता : हा धंदा अजून बाल्यावस्थेत आहे, लँकेशायरला तो बुडवायचा आहे, धंदा बुडाला तर मजूर उपाशी मरेल, म्हणून मजुराचे हित धंद्याच्या हितातच आहे. या युक्तिवादात एकच गोष्ट राहून गेली होती. ज्याच्या हिताबद्दल दोन्ही बाजू भांडत होत्या, त्याला कोणी विचारले नव्हते.

साडेपाच हजार सह्या

ते विचारणारा माणूस म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८चा, ठाण्याचा. शिक्षण बेताचे. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकरी करून ते मांडवीच्या एका गिरणीत भांडारपाल झाले. म्हणजे गिरणीचे अंतरंग त्यांनी आतून पाहिले होते, पण साच्यावर उभे राहणाऱ्यांपैकी ते नव्हते. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात काढलेले ‘दीनबंधु’ हे पत्र बंद पडल्यावर लोखंडे यांनी १८८० मध्ये ते मुंबईत पुन्हा सुरू केले आणि नोकरी सोडून त्याच्यामागे लागले.

१८८४ मध्ये मुंबई सरकारने दुसरे कमिशन नेमले. त्याच्यापुढे कामगारांचे म्हणणे जावे म्हणून लोखंडे यांनी त्या वर्षीच्या सप्टेंबरात परळ भागात कामगारांच्या सभा घेतल्या. तिथे ठरलेल्या निवेदनावर साडेपाच हजार जणांच्या सह्या झाल्या. मागण्या पाच होत्या. दर रविवारी पूर्ण दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला संपावे. एका महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर जबर दुखापत झाल्यास बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय व्हावी.

ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा एका गोष्टीने चकित झालो. पगारवाढ तिच्यात नाही. पाचांपैकी चार मागण्या थेट वेळेच्या आहेत : आठवड्याची वेळ, दुपारची वेळ, दिवसाची वेळ, पगाराची वेळ. पाचवीही नीट पाहिली तर काम न करता आलेल्या काळाचीच आहे. पगार उशिरा मिळाला की माणूस वाण्याच्या आणि सावकाराच्या तावडीत सापडे, म्हणून पंधरा तारखेला एवढे महत्त्व. तिसऱ्या मागणीत सूर्य आणि घड्याळ एकत्र आले आहेत. सकाळ घड्याळाने मोजायची आणि संध्याकाळ सूर्याने. गावातून निघालेला पण शहरात पुरता न पोहोचलेला माणूस त्या एका ओळीत दिसतो.

आता रविवार. इंग्लंडच्या मजुराला रविवार मागावा लागला नव्हता. धर्माने तो पूर्वीच दिलेला होता. त्यामुळे तिथली लढाई दिवसाच्या तासांची आणि शनिवारच्या दुपारची होती. मुंबईच्या गिरणीत मराठे, कुणबी, महार, भंडारी होते, उत्तरेकडून आलेले मुसलमान विणकर होते. एकाचा वार सोमवार, दुसऱ्याचा शुक्रवार. सगळ्यांना पवित्र असा एकही वार नव्हता. रविवार हा खंडोबाचा वार आहे, म्हणून तो सुट्टीचा असावा, असे लोखंडे यांनी मांडल्याचे परंपरेने सांगितले जाते आणि सत्यशोधक कार्यकर्त्याला लोकदैवताचा आधार घ्यावासा वाटणे स्वाभाविक आहे. पण मुसलमान विणकराला खंडोबाचे काय? त्याच्यासाठी तो वार निव्वळ विश्रांतीचा होता. माझ्या मते याच कारणाने रविवारची मागणी महत्त्वाची ठरते. देवाधर्माच्या आधाराशिवाय, केवळ माणूस आहे आणि थकतो म्हणून मागितलेली, जातीजातींना आणि धर्माधर्मांना ओलांडणारी ती आपल्याकडची पहिल्या काही मागण्यांपैकी एक आहे. ‘गिरणी कामगार’ नावाची नवी ओळख त्या मागणीभोवती घडू लागली.

१८८४च्या निवेदनाने लगेच काही झाले नाही. सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तिथे दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १८९० साली, दहा हजारांपुढे, गिरणीत राबणाऱ्या दोन बाया उभ्या राहून बोलल्या! इतिहासाने त्यांना ‘दोन स्त्रिया’ एवढ्या उल्लेखावर सोडून दिले आहे. रविवारच्या सुट्टीचे निवेदन गिरणीमालक संघाकडे गेले आणि १० जून १८९० रोजी संघाने ते मान्य केले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कामगार प्रश्नावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली होती, भारत सरकार नवे कमिशन नेमण्याच्या बेतात होते, हे सगळे मालकांनाही दिसत होतेच. त्या कमिशनच्या मुंबईतल्या कामात लोखंडे यांना सहभागी करून घेण्यात आले. १८९१च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास सर्वांना मिळाला, स्त्रियांच्या कामावर अकरा तासांची आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांच्या कामावर सात तासांची मर्यादा आली.

लोखंडे यांच्या ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ला आजच्या अर्थाने कामगार संघटना म्हणता येत नाही. तिला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियमावली नव्हती. लोखंडे हे कामगारांचे वकील होते, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. संप हे त्यांचे हत्यार नव्हते, अर्ज हे होते. सरकारने त्यांना रावबहादूर केले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगने त्यांचा मृत्यू झाला. पण अर्जाच्या मर्यादा मान्य केल्या तरी एक गोष्ट उरतेच. धंद्याचे हित ते मजुराचे हित, हे समीकरण त्यांनी नाकारले. लँकेशायरचा हेतू काय आहे, यावरून मुंबईच्या मजुराचा हक्क खरा की खोटा हे ठरत नाही, हा विचार त्यांच्या कामात गृहीत आहे. परकी सत्ता आणि स्वकीय मालक या दोघांखेरीज तिसरा पक्ष देशात आहे, हे दाखवून देणे ही लहान गोष्ट नव्हे.

दिवे लागले, घड्याळ सरकले

सूर्याच्या दिवसाला एक नैसर्गिक कुंपण होते. अंधार पडला की धागा दिसत नाही. १९०५च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि ते कुंपण मोडले. तेजीच्या दिवसांत काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. स्त्रिया आणि मुले सोडली तर कायद्यात प्रौढ पुरुषाच्या तासांना मर्यादाच नव्हती. ज्या विजेचे आपण आधुनिकतेची खूण म्हणून कौतुक करतो, ती कामगाराच्या घरी पोहोचायच्या कितीतरी आधी त्याची झोप घेऊन गेली होती. गिरण्यांत दंगे आणि संप झाले ते याच सुमारास.

त्यातच १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती. घड्याळे पुढे सरकली. कचेरीतल्या बाबूला हा तांत्रिक बदल वाटला. कामगाराला मात्र सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी उठून फाटकाशी उभे राहायचे होते. त्या जानेवारीत हजारो गिरणी कामगार या बदलाविरुद्ध चवताळून उठले आणि गिरण्यांवर दगड पडले. शहरातल्या सुशिक्षितांनीही प्रमाणवेळेला विरोध केला, पण त्यांचे कारण स्वाभिमानाचे होते, ‘मुंबई टाइम’ हा मुंबईचा मान होता. महापालिकेने तर विसाव्या शतकाच्या पन्नाशीपर्यंत आपली घड्याळे जुन्याच वेळेवर ठेवली. एकाच विरोधात दोन वेगवेगळी दुःखे मिसळली होती. असे मिश्रण दोन वर्षांनी पुन्हा दिसले आणि त्या वेळी त्याने सरकारला हादरवले.

सहा वर्षांचे सहा दिवस

२४ जून १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना मुंबईत अटक झाली आणि २२ जुलैला त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवसापासून मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. शिक्षेच्या प्रत्येक वर्षासाठी एक, असे सहा दिवस कामगार बाहेर राहिले. लष्कर बोलावले गेले, गोळीबार झाला, माणसे मेली. लेनिनने त्याच वर्षी लिहिलेल्या लेखात या संपाची दखल घेतली, म्हणून तो जगाच्या इतिहासात नोंदला गेला.

या संपाकडे मी वेळेच्या बाजूने पाहतो. ज्या टिळकांच्या पत्रांनी फॅक्टरी कायद्याला विरोध केला होता, त्यांच्यासाठी कामगारांनी आपला सहा दिवसांचा पगार सोडला. यात विसंगती आहे का? मला वाटते, नाही. खाडा हा एरवी मालकाने लावायचा दंड होता. इथे कामगारांनी तो स्वतः, ठरवून, एकजुटीने घेतला आणि त्याला राजकीय अर्थ दिला. आपले दिवस आपल्या इच्छेने खर्च करता येतात, अगदी राज्यसत्तेविरुद्धही, हे त्यांना त्या आठवड्यात कळले. त्यातून टिळकांना जसे बळ मिळाले, तसे त्यांनाही मिळाले.

१९०९ मध्ये सीताराम केशव बोले प्रभृतींनी कामगार हितवर्धक सभा काढली. १९११च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस पहिल्यांदा बारा तासांवर बांधला गेला. पहिल्या महायुद्धात मालकांनी अमाप नफा कमावला आणि महागाईने मजूर पिचला. १९१९ आणि १९२०च्या प्रचंड संपांनी गिरणगाव हलले. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत ‘आयटक’ स्थापन झाली, लाला लजपतराय अध्यक्ष होते. १९२२ मध्ये आठवडा साठ तासांचा झाला. रशियातल्या क्रांतीची वार्ता आली होती, श्रीपाद अमृत डांगे यांचे ‘गांधी विरुद्ध लेनिन’ हे इंग्रजी पुस्तक १९२१ मध्ये निघाले होते. मार्क्स गिरणगावात पोहोचला तो इथे. पण त्याच्या आधी चाळीस वर्षे वेळेचा हिशेब मागणारी जमीन नांगरून ठेवलेली होती.

तिसरा साचा आणि तोंडाने ओढलेला धागा

१९२८चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सुमारे सहा महिने चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. कारण होते ‘रॅशनलायझेशन’. मंदीत सापडलेल्या मालकांनी ठरवले की विणकराने दोनाऐवजी तीन साचे चालवावेत, कातणाऱ्याने एकाऐवजी दोन बाजू पाहाव्यात. आता लढाई दिवसाच्या लांबीची राहिली नव्हती, मिनिटाच्या आत किती काम कोंबायचे याची होती. डांगे, मिरजकर यांच्यासारखे मार्क्सवादी आणि अर्जुन आळवे, कासले यांच्यासारखे प्रत्यक्ष गिरणीतले कामगार यांनी मिळून गिरणी कामगार युनियन उभी केली. लाल बावटा गिरणगावात रोवला गेला आणि गिरणीगिरणीत समित्या झाल्या. या समित्यांच्या बैठका, कोपरासभा, पोवाडे, कलापथके यांना लागणारा मोकळा वेळ कुठून आला? रविवार आणि कामाचे आखलेले तास यांतूनच आला. १८९०च्या अर्जाने मिळवलेला दिवस १९२८च्या संघटनेला उपयोगी पडला.

पण या एकजुटीत एक भेग होती आणि ती दाखवण्याचे काम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केले. साचाखात्यात पगार चांगला होता आणि तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण असे दिले जाई : धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा विणकर तोंडाने ओढून बाहेर काढी. ज्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले, त्याला स्पृश्याने तोंड कसे लावायचे? म्हणून अस्पृश्य कामगार मुख्यतः कमी पगाराच्या सूतखात्यांत राहिले. संपाच्या मागण्यांत साचाखात्यातला हा मज्जाव उठवण्याची मागणी असली पाहिजे, असा आंबेडकरांनी आग्रह धरला. ‘जगातल्या कामगारांनो’ म्हणणाऱ्यांपुढे हा अवघड प्रश्न होता.

आधुनिक यंत्र जुनी जात मोडते, असे मानणारा एक भाबडा आशावाद त्या काळी होता आणि आजही आहे. धोट्याने तो खोटा ठरवला. यंत्र मँचेस्टरचे होते, पण त्याच्याभोवती नियम गावकीचे होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बोलताना आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोघांना कामगारांचे शत्रू म्हटले, त्यामागे हा गिरणगावचा अनुभव होता. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. बारमाही कारखान्यांतला आठवडा ४८ तासांवर आणणारी कायद्याची दुरुस्ती १९४६ मध्ये झाली, तिच्यामागे त्यांचे काम होते. १९४८च्या फॅक्टरी कायद्याने ती मर्यादा पक्की झाली. सत्यशोधक लोखंडे यांच्यापासून आंबेडकरांपर्यंतचा हा धागा आपल्या कामगार इतिहासात बहुधा सुटा राहतो. डावे लोक इतिहास १९२०च्या दशकापासून सुरू करतात आणि राष्ट्रवादी लोक १९०८पासून. १८८४ची पाच मागण्यांची यादी कोणाच्याच वहीत पहिल्या पानावर नसते.

एक हिशेब मात्र चुकता झाला नाही. महालक्ष्मीच्या सभेत बोललेल्या त्या दोन बायांच्या वाट्याला काय आले? विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरणी कामगारांत साधारण पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. कांडीखात्यात त्या मोठ्या संख्येने होत्या. त्यांच्या तासांवर मर्यादा आल्या, रात्रपाळीला बंदी झाली, पुढे बाळंतपणाची रजा आली. हे सारे हवेच होते. पण जिच्या बाबतीत कायदा पाळावा लागतो, तिला कामावर न घेणेच मालकाला सोयीचे वाटू लागले. नवी यंत्रे आली, तशा बाया बाहेर पडत गेल्या आणि ‘गिरणी कामगार’ म्हटले की पुरुषच डोळ्यांसमोर येऊ लागला. हक्क मिळाला पण तो बजावण्याची जागा गेली, असेही होऊ शकते.

रोजचा रविवार

हे सगळे मी वडिलांना सांगू शकलो नाही. मी वाचायला लागलो तेव्हा ते राहिले नव्हते. ज्या माणसाने त्यांना रविवार मिळवून दिला, त्याचे नाव त्यांना ठाऊक नव्हते. २००५ मध्ये लोखंडे यांचे टपाल तिकीट निघाले, तेव्हा मी ते विकत घेतले आणि त्या जुन्या घड्याळाच्या पाठीमागे ठेवले.

आज कामाच्या तासांची मर्यादा वाढवण्याची भाषा पुन्हा ऐकू येते. युक्तिवाद ओळखीचा आहे : परदेशांशी स्पर्धा आहे, धंदा टिकला तर मजूर टिकेल. मोटरसायकलवरून घरोघर जेवण पोहोचवणाऱ्या पोराला भोंगा नाही, फाटक नाही, मुकादमही नाही. त्याच्या हातातल्या फोनमध्ये हे तिन्ही आहेत. त्याला रविवारी सर्वांत जास्त काम असते, कारण त्या दिवशी बाकीच्यांना सुट्टी असते. १८८४च्या कामगारासारखाच तोही मालकाचे घड्याळ पाहू शकत नाही. त्याच्या मागण्यांची यादी कोणी लिहायला घेतली, तर मला वाटते, पहिली ओळ पगाराची नसेल.

गिरण्यांचा शेवट सर्वांना माहीत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो सोमवार होता. आदल्या दिवशी, रविवारी, वडिलांनी नेहमीप्रमाणे सावकाश दाढी केली, मटण आणले आणि रात्री सवयीने गजर लावून ठेवला. सोमवारी पहाटे तो वाजला. त्यांनी उठून तो बंद केला आणि थोडा वेळ खाटेवर तसेच बसून राहिले.

त्यानंतर आमच्या घरी रोजच रविवार होता. दहा मिनिटे पुढे असलेले ते घड्याळ मात्र त्यांनी कधीच मागे केले नाही.